ज्ञानाचे झाड : एका संगणकीय खेळाच्या दोन आवृत्त्या

'सिव्हिलायझेशन' हा संगणकावर खेळायचा डावपेचांचा खेळ सिड मायर यांनी १९९१ साली प्रथम आणला. खेळाडू एका समाजाचा प्रमुख असतो. इ.स.पू. ४००० च्या सुमारास एक वस्ती वसवून तो सुरुवात करतो आणि शेती, व्यापार, युद्ध, संशोधन अशी वाटचाल करीत अंतराळयुगापर्यंत पोहोचतो. एक डाव पुरा व्हायला कित्येक तास लागतात. इतका वेळ या पटावर घालवणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात विज्ञानाच्या इतिहासाचे काही एक चित्र नकळत तयार होते. ते चित्र कोणते, हे शिक्षकांनी पाहायला हवे.

खेळाची पाचवी आवृत्ती सप्टेंबर २०१० मध्ये आली आणि सहावी ऑक्टोबर २०१६ मध्ये. सातवी आवृत्तीही २०२५ मध्ये निघाली आहे. पण 'ज्ञान कसे निर्माण होते?' या प्रश्नाला पाचवी आणि सहावी अगदी वेगळी उत्तरे देतात, म्हणून येथे त्या दोघींचीच तुलना केली आहे. चित्रे, आवाज, लढाया यांचा विचार बाजूला ठेवू.

दोन्ही आवृत्त्यांत शोधांचे एक झाड असते. एक शोध लागल्याशिवाय पुढचा लागत नाही. उदाहरणार्थ, कुंभारकाम आल्याशिवाय लेखन येत नाही. प्रत्येक शोधाची एक किंमत असते आणि ती 'विज्ञानगुणां'त मोजतात.

पाचव्या आवृत्तीत हे गुण मुख्यतः लोकसंख्येतून येतात. दर नागरिकामागे एक गुण. शहरात ग्रंथालय बांधले की दर दोन नागरिकांमागे आणखी एक. पुढे विद्यापीठे वगैरे आली की त्यात भर पडते. समजा, एका शोधाची किंमत १२० गुण आहे आणि राज्यात दर पाळीला १० गुण जमतात. तर बाराव्या पाळीला शोध हातात पडतो. तो समाज डोंगरात राहतो की किनाऱ्यावर, याने काही फरक पडत नाही. ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही त्यांनाही नौकानयन त्याच किमतीत मिळते. ज्ञान म्हणजे दुकानातील वस्तू. पैसे साठवा आणि उचला, असा हा हिशेब आहे.

सहाव्या आवृत्तीने या हिशेबात एक महत्त्वाचा बदल केला. बहुतेक शोधांना एकेक कृती जोडली आणि तिला 'युरेका' असे नाव दिले. किनाऱ्यावर शहर वसवा, नौकानयन सोपे होते. दगडाची खाण काढा, गवंडीकाम सोपे होते. विशिष्ट पिकाच्या जागी शेत करा, सिंचन सोपे होते. मूळ आवृत्तीत अशा कृतीमुळे शोधाची निम्मी किंमत भरून निघे. पुढे हे प्रमाण ४० टक्क्यांवर आणले गेले. वरच्या उदाहरणात बारा पाळ्यांचे काम मूळ प्रमाणाने सहा पाळ्यांत, तर नव्या प्रमाणाने आठ पाळ्यांत होईल.

हा बदल केवळ खेळ रंगावा म्हणून केलेला नाही; त्यात ज्ञानाविषयी एक विधान आहे. माणूस आधी करतो, मग त्याला कळते, असे ते विधान. इतिहास याला पुष्कळ आधार देतो. न्यूकोमेनचे वाफेचे इंजिन १७१२ मध्ये खाणीतले पाणी उपसू लागले. वॅटने वेगळ्या संघनकाचे पेटंट १७६९ मध्ये घेतले. आणि इंजिनाच्या कार्यक्षमतेला मर्यादा का असते, याचा कार्नोचा प्रबंध १८२४ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्र आधी आले, उष्मागतिकी शंभर वर्षांनी. 'विज्ञान आधी, त्याचे उपयोजन नंतर' हा पाठ्यपुस्तकी क्रम नेहमीच खरा नसतो, हे सहावी आवृत्ती आपल्या नियमातूनच सांगते. ती पाचवीपेक्षा सरस आहे ती येथे.

पण हाच नियम दोन ठिकाणी अडखळतो. पहिली अडचण म्हणजे कोणती कृती केली की कोणता शोध स्वस्त होईल, हे पडद्यावर आधीच लिहिलेले असते. त्यामुळे खेळाडू गवंडीकाम हवे म्हणून खाण काढतो. खाण काढताना दगडाविषयी काही उमगले, असे घडत नाही. आर्किमिडीजच्या दंतकथेत गंमत आहे ती अनपेक्षितपणाची. येथे नाव 'युरेका', पण आश्चर्याला जागा नाही. आपल्याकडे प्रयोगवहीत निष्कर्ष आधी लिहून मग निरीक्षणे भरतात, तसाच हा प्रकार आहे.

दुसरी अडचण कृतींच्या निवडीत आहे. लेखनाची युरेका मिळते ती दुसऱ्या समाजाची भेट झाल्यावर. कल्पना मोहक आहे, पण पुरावा वेगळे सांगतो. मेसोपोटेमियातील उरुक येथे सापडलेल्या सर्वांत जुन्या मातीच्या पाट्यांवर बहुतांशी धान्य, जनावरे, मजुरी यांचे हिशेब आहेत. लेखन जन्मले ते कोठारात. धान्यकोठार बांधल्यावर लेखन सोपे झाले असते, तर खेळही तितकाच रंगला असता आणि इतिहासही शिकवून गेला असता.

कॅम्पस या विद्याविभागाचेही तसेच आहे. सहाव्या आवृत्तीत तो शहराबाहेर स्वतंत्र चौकटीत उभारावा लागतो आणि शेजारच्या प्रत्येक डोंगरामागे एक जादा विज्ञानगुण मिळतो. वेधशाळांना उंची मानवते, हे खरे. लडाखमधील हानले येथील दुर्बीण सुमारे ४५०० मीटर उंचीवर आहे. पण हा लाभ खेळात प्राचीन काळापासूनच मिळू लागतो. दुर्बिणीपूर्वीच्या काळातील टायको ब्राहेने आपले नेमके वेध समुद्रातल्या एका बेटावर घेतले, आणि सवाई जयसिंहाची जंतरमंतरे भर शहरांत आहेत. जागेला महत्त्व दिले हे चांगले. कारण मात्र नीट दिलेले नाही.

जुनी आवृत्ती काही बाबतींत पुढे आहे. तिच्या २०१३ मधील 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या विस्तारात व्यापारमार्गावरून ज्ञानही वाहते. समोरच्या समाजाला ठाऊक असलेले आणि आपल्याला नसलेले शोध जितके अधिक, तितके जास्त गुण मिळतात. सहावीत परदेशी शहरात कॅम्पस असेल तर व्यापारातून गुण मिळतात. पण समोरच्याला आपल्यापेक्षा किती अधिक कळते, याचा त्या हिशेबाशी संबंध नाही. इतिहास येथे जुन्या खेळाच्या बाजूचा आहे. ब्रह्मगुप्ताने शून्यासह गणिताचे नियम ६२८ मध्ये मांडले. नवव्या शतकात अल्-ख्वारिझ्मीने भारतीय अंकपद्धतीवर ग्रंथ लिहिला. १२०२ मध्ये फिबोनाचीने ती पद्धत इटलीतील व्यापाऱ्यांपुढे ठेवली. जिथे माहितीची तूट होती, तिकडे ज्ञान वाहत गेले.

भारताचे चित्रणही बोलके आहे. पाचवीत भारताची खास इमारत मुघल किल्ला आहे. सहावीत तिच्या जागी बारव आली. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बारवा पाहिलेल्या वाचकाला याचा आनंद होईल. परंतु खेळातली बारव अन्न देते, वस्तीला सोय देते, देवस्थानाजवळ असेल तर श्रद्धाही वाढवते. विज्ञानाचा एकही गुण देत नाही. भूजलाची पातळी ऋतूप्रमाणे किती खालीवर होते, हे पारखल्याशिवाय पायऱ्यांची विहीर बांधता येत नाही. कृतीतून ज्ञान येते म्हणणाऱ्या खेळाला बारवेतले ज्ञान दिसले नाही, ही उणीव लहान नव्हे.

शिवाय दोन्ही झाडांना समान मर्यादा आहेत. दोन्हींत एकदा लागलेला शोध कधी हरवत नाही आणि चुकीचा सिद्धान्त कधी उगवत नाही. फ्लॉजिस्टनसारख्या कल्पनेने रसायनशास्त्रज्ञांना दीर्घकाळ गुंतवले आणि तिच्याशी झगडतच ऑक्सिजनचे ज्वलनातील कार्य स्पष्ट झाले. अशा आडवाटेला या झाडावर फांदीच नाही.

वर्गात याचा उपयोग करायला संगणक लागत नाही. फळ्यावर काच, भिंग, चष्मा, दुर्बीण, सूक्ष्मदर्शक असे शब्द लिहावेत आणि विद्यार्थ्यांना बाण काढायला सांगावे. प्रत्येक बाणावर 'याच्याशिवाय ते का होणार नाही?' याचे कारण लिहून घ्यावे. मग कोणाच्या गरजेतून तो बाण निघाला, हे विचारावे. कारण न सापडणारे बाण पुसायचे.

दोहोंतील एकच सुचवायची तर सहावी सुचवावी. तिने प्रश्न योग्य विचारला आहे. उत्तर अर्धेच आहे, आणि उरलेले अर्धे विद्यार्थ्यांकडून काढून घेणे हे शिक्षकाचे काम आहे.