मेंदूच्या मापांचे एकरूपीकरण : एक परीक्षण

'न्यूरोइमेज' या नियतकालिकात 2018 साली ज्याँ-फिलिप फोर्तँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. निरनिराळ्या रुग्णालयांतील निरनिराळ्या एमआरआय यंत्रांवर घेतलेली मेंदूच्या बाह्य थराच्या जाडीची मापे परस्परांशी तुलनीय कशी करावीत, हा त्याचा विषय. दोन मोठ्या संशोधनप्रकल्पांतील एकूण 11 यंत्रांवरील मापे त्यांनी तपासली आणि 'कॉम्बॅट' नावाची संख्याशास्त्रीय पद्धती या कामासाठी सुचविली. या क्षेत्रात ही पद्धती आज सर्रास वापरली जाते. म्हणूनच तिचे परीक्षण आवश्यक आहे.

हा विषय आमच्या वाचकांना दूरचा वाटण्याचे कारण नाही. 2005 साली सारा लाझार व त्यांच्या सहकाऱ्यांनी विपश्यनेचा दीर्घ अनुभव असलेल्या 20 साधकांच्या मेंदूतील बाह्य थर काही भागांत इतरांहून जाड असल्याचे नोंदविले. तेव्हापासून 'ध्यानाने मेंदू बदलतो' हे विधान व्याख्यानांतून व पुस्तिकांतून वारंवार केले जाते. वीस जणांवरून व्यापक निष्कर्ष निघत नाही, म्हणून अनेक केंद्रांची मापे एकत्र करण्याकडे संशोधकांचा कल आहे. 2009 साली आरंभ झालेल्या एनिग्मा या आंतरराष्ट्रीय संशोधनसंघातही आता ध्यानविषयक स्वतंत्र गट आहे. या एकत्रीकरणाचा पाया किती भक्कम आहे, हे पाहणे आम्हांस प्राप्त आहे.

मूळ अडचण खरी आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. बाह्य थराची जाडी सरासरीने सुमारे 2.5 मिलिमीटर असते. 2006 साली शियाओ हान व सहकाऱ्यांनी 15 वृद्ध निरोगी व्यक्तींची मापे पुनःपुन्हा घेतली, तेव्हा एकाच यंत्रावरील मापांत सरासरी 0.12 मिलिमीटर, दोन निरनिराळ्या उत्पादकांच्या यंत्रांत 0.15, तर 1.5 टेस्ला व 3 टेस्ला या दोन चुंबकशक्तींच्या यंत्रांत 0.17 मिलिमीटर इतकी तफावत आढळली. माणूस तोच, मेंदूही तोच. यंत्र तेवढे बदलले. शिवाय एमआरआयच्या प्रतिमेतील उजळपणाला स्वतःचे ठराविक एकक नाही. चुंबकीय क्षेत्रातील असमानता, डोक्याभोवतीच्या संग्राहकाची रचना, संगणकीय प्रणालीतील बदल या सर्वांची छाया मापावर पडते. रुग्णाने डोके किंचित हलविले तरी थर प्रत्यक्षाहून पातळ दिसतो.

कॉम्बॅट पद्धती मुळात मेंदूसाठी रचलेली नाही. 2007 साली जॉन्सन, ली आणि राबिनोविच यांनी ती जनुकीय मापनांसाठी मांडली. प्रत्येक केंद्रामुळे माप किती वर-खाली सरकते आणि त्याचा पसारा किती कमी-अधिक होतो, या दोन गोष्टींचा अंदाज करून ती तो परिणाम वजा करते. लहान केंद्राजवळ माहिती अपुरी असेल, तर मेंदूच्या इतर भागांच्या मापांचा आधार घेऊन ती तो अंदाज सावरते. वय, लिंग, रोग अशा ज्या गोष्टी संशोधक आधी सांगेल, त्यांचा परिणाम ती राखून ठेवते. मांडणी सुबोध आहे, गणित स्वच्छ आहे. यंत्रामुळे आलेला भेद कमी झाल्याचे निबंधकारांनी दाखविलेही आहे. हे श्रेय त्यांना निःसंकोचपणे दिले पाहिजे.

आमचा आक्षेप पुढे सुरू होतो. 'केंद्राचा परिणाम' या एका शब्दात दोन भिन्न गोष्टी सामावल्या आहेत : यंत्राचा भेद आणि तेथे येणाऱ्या माणसांचा भेद. समजा, एका केंद्रात वीस-वीस वर्षे साधना केलेले भिक्षू आले आणि दुसऱ्या केंद्रात नवशिके. साधनेच्या कालावधीची नोंद गणितात घातली नाही, तर साधनेने पडलेला फरक यंत्राचा दोष समजून पुसला जाईल. नोंद घातली, तरी सगळे भिक्षू एकाच यंत्रावर आणि सगळे नवशिके दुसऱ्याच यंत्रावर असतील, तर यंत्राचे किती आणि साधनेचे किती, हे कोणतेही गणित सांगू शकणार नाही. जे मोजताना वेगळे केले नाही, ते मागाहून सूत्राने वेगळे होत नाही.

याच्या उलट धोकाही आहे. 2016 साली नीगार्ड, रॉडलँड व होविग यांनी दाखविले की, तुलनेचे गट केंद्राकेंद्रांत विषम वाटले गेले असतील आणि गटांतील भेद राखून शुद्धीकरण केले असेल, तर पुढील चाचणीत तो भेद वाजवीपेक्षा अधिक निश्चित भासतो. शुद्ध केलेली मापे जणू प्रथमपासून तशीच होती, असे धरून चाचणी चालते. अंदाजातील अनिश्चितता वाटेतच गळते.

या दोन भेदांना अलग करण्याचा सरळ मार्ग म्हणजे तीच माणसे सर्व यंत्रांवर मोजणे. जपानमध्ये यामाशिता व सहकाऱ्यांनी 9 निरोगी व्यक्तींची 12 केंद्रांवर तपासणी करून 2019 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचा विषय थराची जाडी नसून विश्रांतावस्थेतील मेंदूच्या भागांमधील परस्परसंबंध हा होता. यंत्रामुळे येणारा भेद आणि माणसांच्या निवडीमुळे येणारा भेद त्यांनी पृथक् केले. दोन्ही मनोविकारांमुळे दिसणाऱ्या भेदाइतके किंवा त्याहून अधिक निघाले. हा मार्ग खर्चिक आहे, नऊ ही संख्याही लहान आहे आणि यंत्रप्रणाली बदलली की काम पुन्हा करावे लागते. तरीही प्रश्न योग्य रीतीने विचारला गेला, तो येथे.

भिक्खू जगदीश कश्यप यांच्या संपादकत्वाखाली नालंदा येथून निघालेल्या देवनागरी तिपिटकात सिंहली, ब्रह्मी, स्यामी व रोमन आवृत्त्यांतील पाठभेद तळटीपांत दिले आहेत. संपादक एक पाठ निवडतो. न निवडलेला पाठ मात्र नष्ट करीत नाही. वाचकाला निर्णय उलट तपासता येतो. एकरूप केलेल्या मापांच्या तक्त्याला सहसा अशी तळटीप नसते. म्हणून आमची अपेक्षा एवढीच : शुद्ध केलेल्या मापांसोबत मूळ मापे द्यावीत, प्रत्येक केंद्रातून किती वजा केले आणि पसारा किती बदलला, ते सांगावे, कोणत्या केंद्रात कोणती माणसे होती, हेही नोंदवावे. ज्या अभ्यासात गट आणि यंत्र एकमेकांत मिसळलेले आहेत, त्यातून निष्कर्ष काढू नये.

फोर्तँ यांचा निबंध उपयुक्त आहे; त्याचा उपयोग मात्र मर्यादा ओळखून व्हावा. ध्यानाने मेंदू बदलतो असे म्हणणाऱ्यांनी, आणि तो बदलत नाही असे म्हणणाऱ्यांनीही, कोणत्या यंत्रावर कोणाला मोजले हे प्रथम सांगावे.