हवेतला स्वल्पविराम

खाली जागा मिळाली नाही म्हणून ज्या स्वल्पविरामाने माळ्यावर बिऱ्हाड केलं, त्याला अपॉस्ट्रॉफी म्हणतात. व्याख्या माझी. सोयगावच्या पोरांना जन्मभर इंग्रजी शिकवल्यावर एवढा अधिकार मिळायला हरकत नसावी.

निवृत्तीनंतर नाट्यपरीक्षणं लिहायची असा बेत होता. पण सोयगावात नाटक यायचं कधी? तेव्हा दारातल्या वाङ्मयाचंच परीक्षण करतो. म्हणजे दुकानांच्या इंग्रजी पाट्यांचं.

पहिली कृती, 'जेंट'स पार्लर'. एसच्या आधी चिन्ह, म्हणजे गृहस्थ एकच. बाकीच्यांनी दाढ्या वाढवाव्यात. पुढे 'टेलर'स'. टेलरचं काहीतरी आहे खास, पण काय, ते कळायच्या आत पाटी संपते! ही उत्कंठा रहस्यकथाकारांनाही साधत नाही. त्यापुढे 'बॉय'स होस्टेल'. एका पोरासाठी अख्खी दोन मजली इमारत.

निर्दोष इंग्रजी वाचायचं तर टपरीवर जावं. तिथे लेजच्या पुड्यांच्या माळा लटकतात आणि प्रत्येक पुडीवर चिन्ह जिथल्या तिथे. हर्मन ले नावाच्या गृहस्थाचे वेफर्स, म्हणून. आमच्याजवळच्या अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या साहेबाने १८१९ साली आपलं नाव नि तारीख कोरून ठेवली आहे. नावापुढे अपॉस्ट्रॉफी-एस नाही हे नशीब. नाहीतर लेणी त्याच्या सातबाऱ्यावर चढली असती.

आता टीकाकाराने नुसती थट्टा करू नये, कारणही द्यावं. हे चिन्ह म्हणजे गळालेल्या अक्षराची समाधी. 'सोऽहम्'मधला आपला अवग्रह गेलेल्या 'अ'ची आठवण ठेवतो, तसंच. 'इट इज'चं 'इट'स' होताना आय जातो, तिथे समाधी. मालकीच्या एसआधीही जुन्या इंग्रजीत एक ई असे. तो गेला, तिथेही समाधी. पण नुसते अनेक टेलर असतील तर त्यांच्यातलं कोण गेलं? सगळे जिवंत असताना समाधी बांधायची, हा माझा आक्षेप.

चौकशी करता या सर्व कृतींचा कर्ता एकच निघाला. फ्लेक्सवाला, माझाच विद्यार्थी.

"अरे, हे जिथे तिथे कशाला टाकतोस?"

"तुमच्याच भीतीनं, सर. चिन्ह विसरलं की तुम्ही अर्धा मार्क कापायचे. जादा टाकलं तं कधी कापला नाही. मंग टाकून देतो सगळीकडं."

"किती पडले होते रे तुला?"

"नववीला? चौतीस." तो खुर्ची पुसत म्हणाला, "बाबा बोलले, बस झालं आता. बसा ना, सर."

पस्तिसाला पास. म्हणजे दोन समाध्या कमी पडल्या.

चहा घेतला, पण घरी येऊन चैन पडेना. 'नांव'वरचा ठिपका विसरलो म्हणून मी स्वतः छडी खाल्लेली. पुढे १९६२ साली साहित्य महामंडळाच्या नव्या नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. ठिपका गेला, छडी काही परत मिळाली नाही. तिकडे बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने २००९ साली रस्त्यांच्या पाट्यांवरून अपॉस्ट्रॉफीच हद्दपार केली. आणि बर्नार्ड शॉ! 'डोन्ट', 'कान्ट' तो या चिन्हावाचून लिहायचा, वर १९२५ चं नोबेल. माझ्या वर्गात असता तर चौतिसावर बसला असता. (दाढीमुळे वर्गात घेतला असता की नाही, हा वेगळा प्रश्न.)

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात गेलो. 'इट'स' आणि 'इट्स' यांत अर्थ बदलतो, तिथे मी अजूनही हटणार नाही, हे त्याला सांगितलं. जेंट नि टेलर सोडून दिले. पण होस्टेलची पाटी बदल म्हटलं. तिथं पोरं शिकतात.

"फ्लेक्सचे पैसे कोण देईल, सर?"

मी दिले.

आठवड्याने पाटी लागली. चिन्ह एसच्या पुढे, अगदी जागेवर. मन भरून आलं. खाली बारीक अक्षरांत 'सौजन्य' असं होतं आणि पुढे इंग्रजीत माझं आडनाव, त्याला अपॉस्ट्रॉफी-एस. माझं काय, ते लिहिलेलं नव्हतं.

मी अर्धा मार्क कापला नाही.