चित्राची साथसंगत

दोन हिवाळ्यांपूर्वी धाराशिवमधल्या एका सभागृहात झालेल्या कार्यक्रमाचे प्रास्ताविक माझ्याकडे होते. शास्त्रीय गायनाची बैठक आणि गायिकेच्या मागे पडद्यावर त्याच वेळी उलगडत जाणारे चलतचित्र, असे कार्यक्रमाचे स्वरूप होते. ‘आपल्या जिल्ह्यातला हा पहिलाच प्रयोग आहे,’ असे मी माइकवरून सांगितले. टाळ्या पडल्या. ते विधान किती उथळ होते, याचा पहिला धडा मला तासाभरातच मिळाला आणि उरलेले धडे पुढच्या दीड वर्षाच्या वाचनातून मिळाले. प्रस्तुत निबंध म्हणजे त्या एका वाक्याची दुरुस्ती आहे.

आधी काय घडले ते सांगतो. चित्रे लातूरकडच्या एका तरुण चित्रकाराने केली होती. कोळशाच्या रेघांतून उभ्या राहणाऱ्या बालाघाटच्या टेकड्या, कोरडे नदीपात्र, ज्वारीचे रान, रानावरून उठणारा पाखरांचा थवा. एकेक रेघ काढायची, फोटो घ्यायचा, थोडे पुसायचे, पुन्हा काढायचे. अशी महिनोन्‌महिने मेहनत करून त्याने १८ मिनिटांची फिल्म तयार केली होती. गायिका पूरिया धनाश्री गाणार होत्या. विलंबित एकताल, मग द्रुत तीनताल. तालमीत घड्याळ लावून सगळे नीट बसवले होते. लॅपटॉपजवळ मी बसलो. खूण झाली की बटण दाबायचे, एवढेच माझे काम.

त्या संध्याकाळी बाईंचा आवाज लागला. तालमीत चटकन आटोपलेली बढत पंचमाभोवती रेंगाळू लागली. तबलजींनी ठेका असा काही धरला होता, की समेला येण्याची घाई कुणालाच नव्हती. १८वे मिनिट आले, तेव्हा बाई तारषड्जाला अजून भिडलेल्याही नव्हत्या. फिल्म संपली. पडद्यावर माझ्या लॅपटॉपचा निळा चौकोन आला आणि त्यावरच्या फाइलींची नावे. त्यातली एक ‘वीजबिल’ अशी होती. मागच्या रांगेतून हलके हसू आले. बाईंनी मान वळवून पडद्याकडे पाहिले, दोन आवर्तनांत ख्याल आवरला आणि द्रुत न घेताच नमस्कार केला.

आत चहा घेताना त्या शांतपणे म्हणाल्या, “सर, चित्र संपलं म्हणून मी थांबले. गाणं संपलं नव्हतं माझं.”

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. यंत्र बिघडले नव्हते, चित्रकाराने कामात कसूर केली नव्हती, बाई चुकल्या नव्हत्या. चूक मांडणीतच होती. गाणे किती वेळ चालावे हे गाण्याच्या आधी, गाण्याच्या बाहेर ठरून गेले होते. ख्यालगायनात नेमकी हीच गोष्ट आधी ठरत नसते.

म्हणून मी एक प्रश्न हाती घेतला. आपल्याकडे जिवंत गायन-वादन आणि चित्र जेव्हा जेव्हा एकत्र आले, तेव्हा वेळ कुणाच्या हातात होता?

सुरुवात कल्याणपासून करावी लागते. तिथल्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. शंबर हा पुराणांतला मायावी असुर. त्याच्या नावाने मायेचा खेळ उभा राहिला. ल्युमिए बंधूंची चलतचित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखवली गेली. त्याच्या चार वर्षे आधी पटवर्धन आणि त्यांचे मुलगे काचेवर हाताने रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रे पडद्यावर टाकत होते. जोडीला निवेदन होते, गाणी होती. मॅजिक लँटर्नमध्ये चित्राला हालचाल मिळते ती काचेवर काच सरकवून. एका काचेवर धड, दुसरीवर हात. दुसरी काच सरकली की हात उचलला जातो. आजच्या भाषेत हे ॲनिमेशनच. पण काच सरकवणारा माणूस त्याच अंधारात बसलेला असतो आणि गाणाऱ्याचा आवाज त्याच्या कानावर पडत असतो. पद लांबले तर काच थांबते. रामाचा बाण सुटायचा तो गाणाऱ्याने सोडल्यावरच.

संगीत नाटकाचा रंगमंचही पाहा. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी आधी नाटकाचे पडदे रंगवले आणि मग ते सिनेमाकडे वळले. बाबूरावांचा ‘सैरंध्री’ १९२०चा. नाटकाच्या पडद्यावरचे उद्यान, राजवाडा, अरण्य हे स्थिर चित्र. त्याच्यासमोर गायक नट पद म्हणतो, ‘वन्स मोअर’ येतो, तो पुन्हा म्हणतो आणि राजवाडा तसाच उभा असतो. तेच चित्र फिल्मवर गेल्यावर ही सवलत संपली. मूकपटाच्या काळात पेटी-तबला घेऊन पडद्याजवळ बसणारे वादक पडद्याकडे पाहत वाजवत. सत्ता कुणाकडून कुणाकडे गेली, ते इथे स्पष्ट दिसते. पडद्यावरचा घोडा दौडला की लय वाढवायची, तो थांबला की थांबायचे. त्या वादकांच्या हातात कला नव्हती असे नाही. पण ‘अजून जरा थांबा’ असे ते चित्राला सांगू शकत नव्हते.

मला अधिक जवळचे उदाहरण मात्र सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळीचे वाटते. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री जाहीर झाली. एका आख्यानाची चित्रे एका पोथीत असतात, दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली. वीणा, टाळ, हुडूक एवढीच वाद्ये. कथेकरी एक चित्र समोर मांडतो, गातो, अर्थ सांगतो आणि त्याचे गाणे पुरे झाले की पुढचे चित्र घेतो. श्रोते रंगले तर एकाच चित्रावर बराच वेळ जातो, पांगू लागले तर दोन चित्रे पटकन उलटतात. इथे चित्र पूर्वीच काढलेले आहे, कदाचित आज्याने काढलेले. ते कधी दिसणार, हे मात्र त्या रात्रीच ठरते.

ही परंपरा कोकणापुरती नसावी, याचा धागा आपल्या शेजारीच सापडतो. उमरगा तालुक्याची हद्द ओलांडून बिदर जिल्ह्यात शिरले की बसवकल्याण फार दूर नाही. बाराव्या शतकात तिथून राज्य करणाऱ्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्याचा उल्लेख येतो. म्हणजे मी ज्याला ‘पहिलाच प्रयोग’ म्हणालो, त्याच्या पूर्वजाची नोंद आमच्या जिल्ह्याच्या वेशीपाशी नऊशे वर्षांपूर्वीच झाली होती.

आणि खुद्द जिल्ह्यात? मी तुळजापूरच्या वाटेवरच्या गावातला. आमच्या घरी लग्नानंतर गोंधळ घालतात. तुळजाभवानीचे गोंधळी ते कदमराई, माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई, हे आम्हाला शाळेत जाण्याआधी माहीत होते. चौक भरला जातो. तांदळाच्या रेषा, कलश, नारळ. ते एक चित्रच असते. वाद्ये म्हणजे संबळ, तुणतुणे आणि झांज. चार माणसांचा ताफा आणि घरची माणसे. याहून लहान, याहून जवळची संगीतसभा मी पाहिलेली नाही. दिवटीच्या उजेडात नाईक आख्यान लावतो. दिवटी हलली की भिंतीवरच्या सावल्या हलतात. महिषासुराचे नाव निघाले की लहानपणी मी भिंतीकडे पाहत असे, नाइकाकडे नाही. पाश्चात्त्य कलासमीक्षेत ज्याला प्रक्षेपण म्हणतात, ते मी तिथे पहिल्यांदा अनुभवले. तो प्रकाश एका माणसाच्या हातात होता आणि त्या माणसाचे कान संबळावर होते.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. चित्रकथी, खरोलिका, गोंधळ या सगळ्यांत कथा आहे. ख्यालात कथा नाही. दोन ओळींची बंदिश, तिचे शब्दही स्वरांत विरघळणारे. मग चित्राने दाखवायचे काय? ‘पिया’ आले की विरहिणी दाखवायची काय? आमच्या कार्यक्रमात चित्रकाराने शहाणपणाने कथा टाळली होती, तरी पूरिया धनाश्री म्हणून सूर्यास्त आला होताच. रागाची वेळ चित्रात सांगणे म्हणजे श्रोत्याच्या कानावर अविश्वास दाखवणे.

या आक्षेपाला मला दक्षिण आफ्रिकेच्या विल्यम केंट्रिज यांच्या कामात उत्तर दिसले. शुबर्टची ‘विंटरराइझ’ ही १८२७मधली २४ गीतांची माळ. एक गायक आणि एक पियानो. २०१४मध्ये व्हिएन्ना इथे मथियास गर्ने यांचे गायन आणि मार्कुस हिंटरहॉयझर यांचा पियानो यांच्याबरोबर केंट्रिज यांनी २४ लघुफिल्म सादर केल्या. कोळशाने काढायचे, पुसायचे, पुसल्याचा डाग तसाच राहू द्यायचा, ही त्यांची पद्धत. त्यांच्या चित्रांत शुबर्टची जर्मन हिवाळ्यातली वाट क्वचितच येते. येते ते जोहान्सबर्ग. चित्र गाण्याचा अर्थ सांगत नाही. ते आपल्या जागी, आपल्या दुःखासह उभे राहते आणि दोन्हींमधले अंतर भरायचे काम श्रोत्याकडे सोपवते. लातूरच्या त्या तरुणाने कोळसा हाती घेतला तो बहुधा याच वाटेने. पण शुबर्टचे गीत लिहिलेले आहे. गायक ते सावकाश म्हणेल वा जलद, त्यात नवे आवर्तन घालणार नाही. त्यामुळे तिथे फिल्म आणि गाणे यांची सांगड बसू शकते. नॉर्मन मॅक्लॅरन आणि एव्हलिन लँबर्ट यांनी १९४९मध्ये ऑस्कर पीटरसन यांच्या जॅझवर थेट फिल्मच्या पट्टीवर रंग ओढले, तेव्हा संगीत ध्वनिमुद्रित होते. ते बदलणार नव्हते, म्हणून चित्र त्याला बिलगू शकले. आपण त्यांचे यश पाहतो आणि त्यामागची ही अट विसरतो. केंट्रिजकडून काय दाखवावे हे शिकता येईल. कधी दाखवावे हे मात्र पिंगुळीलाच विचारले पाहिजे.

अलीकडे यावर यांत्रिक तोडगा निघाला आहे. माइकमधून येणाऱ्या आवाजावर चित्र आपोआप हलते. आवाज वाढला की रंग उसळतात, कमी झाला की मावळतात. असे दोन-तीन कार्यक्रम मी पुण्यात पाहिले. डोळ्यांना सुखावतात, पण त्यांना गाणे कळत नाही. ख्यालात सर्वांत भरलेली जागा पुष्कळदा सर्वांत हळू असते. समेच्या आधी गायक श्वास रोखतो, तिथे सभा पुढे सरसावते आणि यंत्राला तिथे काहीच ऐकू येत नाही. तबल्याच्या प्रत्येक थापेला ते उडी मारते, खालीचे मौन मात्र त्याला रिकामे वाटते. जोर मोजणे आणि लय जाणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडे यासाठी शब्द आहे, आणि तो मला फार उशिरा आठवला: साथ. पेटीवाला गायिकेच्या मागून अर्धे पाऊल चालतो, तिची जागा आधी घेत नाही. विलंबितात तबलजी ठेका धरून बसतो, आपली तयारी दाखवण्याची वाट पाहतो, कधी ती संधी येतही नाही. साथ म्हणजे गुलामी नव्हे. चांगली साथ गाणाऱ्याला नवीन जागा सुचवते. पण ती समोर बसून, नजर देऊन सुचवते. चलतचित्राला बैठकीत यायचे असेल, तर त्याने पार्श्वभूमीचा पडदा म्हणून येऊ नये आणि गायिकेवर घड्याळ लावणारा म्हणूनही येऊ नये. साथीदार म्हणून यावे. चित्रकाराने सभागृहाच्या टोकाला यंत्रामागे न बसता तबलजीच्या शेजारी बसावे. त्याला एकताल मोजता यावा. आणि पडदा काळा ठेवण्याचे धैर्य त्याच्यात असावे.

गेल्या पावसाळ्यात असा एक प्रयत्न झाला. एका मित्राच्या वाड्यात, ३० माणसे, पडदा म्हणून चुन्याची भिंत. त्याच चित्रकाराने आपल्या १८ मिनिटांचे ४० लहान तुकडे केले होते. गायिकाही त्याच. बोलवायला मी गेलो, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “या वेळी घड्याळ कुणाकडं आहे?” कुणाकडेच नाही, असे मी सांगितल्यावर त्या आल्या.

प्रयोग निर्दोष झाला नाही. सुरुवातीला त्याने घाबरून भराभर चित्रे बदलली आणि गाण्याकडे लक्ष लागेना. द्रुतात पाखरांचा थवा तीनदा उडाला, दोनदा जास्त. हे दोष आहेत आणि ते रियाजानेच जातील. पण मध्ये एक वेळ अशी आली, की बाई पंचमावर थांबल्या आणि त्या पोराने हात उचलून घेतला. भिंत काळी झाली. कितीतरी आवर्तने ती तशीच राहिली. मग टेकडीची एकच रेघ आली, अगदी सावकाश, आणि बाईंनी तिच्याकडे पाहिले. या वेळी त्या थांबल्या नाहीत. तारषड्जावर गेल्या.

लॅपटॉपजवळ मी नव्हतो. मी खांबाला टेकून बसलो होतो आणि मला आमच्या ओसरीवरचा गोंधळ आठवत होता. दिवटी मंदावली, की बुधलीतले तेल घालावे लागते. दिवटीवाला ते कधीही घालत नसे. नाईक ओळ संपवून श्वास घेई, तेवढ्यात तो बुधली तिरकी करी. सावल्या मोठ्या होत आणि आख्यान पुढे निघे.