नोंदवहीचे वाङ्मय

लहानशा शिडाच्या नौकेतून महासागर ओलांडणाऱ्यांची पुस्तके आपला रसिक दोन अपेक्षांनी उघडतो. त्याला वादळ हवे असते, आणि वादळ शमल्यावर अनंताविषयीचे चिंतन हवे असते. मधली पाने, म्हणजे पिण्याचे पाणी किती उरले, शीड कोठे उसवले, रात्री तुकड्यातुकड्यांनी किती झोप मिळाली ही पाने, तो चाळून पुढे जातो. मला मात्र या वाङ्मयाचा जीव त्या मधल्या पानांतच आहे असे वाटते. समुद्र येथे पार्श्वभूमी आहे. विषय आहे तो पाण्यावरचा एकट्याचा संसार.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधल्या फालमथ बंदरातून निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, तेथेच परतला. एकट्याने, वाटेत कोठल्याही बंदरात न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस. त्याची ‘सुहैली’ जेमतेम ३२ फुटांची, आणि ती बांधली गेली आपल्या मुंबईत, सागवानी लाकडात. या प्रवासावरचे त्याचे पुस्तक म्हणजे मोडतोडीची आणि डागडुजीची हकीकत आहे. नौकेला गळती लागते, तेव्हा तो भर समुद्रात पाण्याखाली उतरून सांधा बुजवतो. टाकीतले पाणी नासते, तेव्हा पावसाचे धरतो. संदेश पाठवण्याचे यंत्र बंद पडते. नौका आपोआप दिशेवर ठेवणारी यंत्रणा मोडते, तेव्हा तो शिडांचाच तोल साधून काम भागवतो. यात भाषेचा विलास नाही. पण बांधीचा धुरा फुटला असता शेतकरी पावसावर कविता करीत बसत नाही, फावडे उचलतो; त्या उचलण्यात जे चारित्र्य दिसते तेच या गद्यात दिसते.

यावर कोणी म्हणेल, हा जमाखर्च झाला, वाङ्मय नव्हे. या आक्षेपाचे उत्तर त्याच शर्यतीत मिळते. शर्यतीत उतरलेल्या नऊ जणांपैकी डोनाल्ड क्रोहर्स्ट याची नौका दक्षिणेच्या उग्र समुद्रात टिकणारी नव्हती. परत फिरणे म्हणजे कर्जात बुडणे. तो अटलांटिकमध्येच घोटाळत राहिला आणि आपण पुढे निघालो आहोत अशा खोट्या बातम्या धाडू लागला. त्या काळी उपग्रह पाहत नव्हते. खलाशी सांगेल ते त्याचे स्थान. खऱ्या आणि खोट्या स्थानांचा असा दुहेरी हिशेब ठेवता ठेवता अखेरच्या दिवसांत त्याने काळ आणि ईश्वर यांविषयी हजारो शब्द लिहिले. १० जुलै १९६९ रोजी त्याची नौका रिकामी सापडली. या माणसाविषयी करुणेखेरीज दुसरे काही वाटत नाही. पण वाचकाने एक गोष्ट ध्यानी घ्यावी: ज्या वहीत सर्वांत जास्त तत्त्वचिंतन आहे, तिच्यातलाच हिशेब मोडलेला आहे.

म्हणून चिंतन त्याज्य ठरते असे मात्र नव्हे. बर्नार मोइतेसिए हा फ्रेंच नाविक त्याच शर्यतीत विजयाच्या टप्प्यात असताना बक्षिसाकडे पाठ फिरवून पुढे निघाला आणि जून १९६९ मध्ये ताहितीला पोहोचला. त्याचे लेखन पूर्णपणे अंतर्मुख आहे. परंतु त्याचे चिंतन शिडाच्या दोरीला हात ठेवून केलेले आहे. वारा बदलला की वाक्य सोडून तो उठतो. चिंतनाला हे ओझे हवे. ते नसले की शब्द भरकटतात.

आपल्याकडचा नमुना दिलीप दोंदे यांचा. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्या कल्पनेतून ही मोहीम निघाली. रत्नाकर दांडेकर यांनी गोव्यात दिवाडी बेटावर ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली, आणि १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात, चार बंदरे घेत, दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. ‘द फर्स्ट इंडियन’ या त्यांच्या पुस्तकात निघण्यापूर्वीच्या तयारीला आणि नौकेच्या बांधणीला मोठे स्थान आहे. घाईच्या वाचकाला हा पाल्हाळ वाटेल. मला तो पुस्तकाचा पाया वाटतो. ज्याने नौका घडताना पाहिली, त्यालाच तिचा प्रत्येक आवाज ओळखता येतो. उणीव म्हणाल तर ती रचनेत आहे. चार ठिकाणी जमीन लागत असल्यामुळे एकांताची सलग दाटी येथे अनुभवास येत नाही.

दुसरी खंत पुस्तकाची नव्हे, आपली. हे पुस्तक इंग्रजीत लिहिले गेले. शीड, डोलकाठी, सुकाणू, नांगर, तांडेल हे शब्द कोकणपट्टीत पिढ्यान् पिढ्या हाताळले गेले आहेत. मराठी गद्याने मात्र ते बहुतेक उपमांपुरतेच वापरले. ‘संसाराची नौका’ आपण हजारदा लिहिली, नौकेतला संसार क्वचित.

लाखांदूरसारख्या गावी, समुद्रापासून शेकडो मैलांवर, मी ही पुस्तके वाचतो. चुलबंदीचे पाणी येथून वैनगंगेला मिळते आणि प्राणहिता, गोदावरी करीत उपसागराला जाते. एवढाच आमचा समुद्राशी संबंध. तरी यांतले काही परके वाटत नाही. मोजके पाणी, लहरी आकाश, सतत दुरुस्ती मागणारी वस्तू आणि आपणच ठेवायचा आपला हिशेब, हे सारे या धानपट्ट्यात रोजचे आहे. आज उपग्रहामुळे नौकेचे स्थान खोटे सांगता येणार नाही. नौकेतल्या माणसाचे स्थान मात्र अजूनही त्याच्या शब्दावरच मानावे लागते. या वाङ्मयाच्या समीक्षकाने प्रथम तो शब्द तपासावा, वादळे नंतर मोजावीत.