दासबोधातील दोन कर्जदार : प्रयत्नवादाच्या आधुनिक वाचनाची समीक्षा

प्रस्तावना

सॅम्युअल स्माइल्स यांच्या १८५९ मधील ‘सेल्फ हेल्प’पासून अर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्या २०२३ मधील ‘बी यूसफुल’पर्यंत यशाची सूत्रे सांगणाऱ्या ग्रंथांची परंपरा दीर्घ आहे. नामवंतांच्या अशा पुस्तकांत लेखकाचे यश हाच उपदेशाचा पुरावा असतो. महाराष्ट्रात व्यक्तिमत्त्वविकास व व्यवस्थापनावरील व्याख्यानांतून ‘दासबोधा’चीही मांडणी अनेकदा याच धर्तीवर केली जाते. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (१६०८). या वाचनाची मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रयत्नवादाचे स्वरूप

वीस दशक व दोनशे समासांच्या या ग्रंथात प्रयत्नाला निर्विवाद महत्त्व आहे. बाराव्या दशकाच्या नवव्या समासात एक दुर्बळ, आळशी व कर्जबाजारी मनुष्य समोर येतो. त्याला लिहिता-वाचता येत नाही, विचारावे कसे हेही ठाऊक नाही. समर्थ त्याची कानउघाडणी करतात आणि त्याला सावधपणा व उद्योग शिकवतात. यशविषयक व्याख्यानांना नेमका हाच भाग सोयीचा वाटतो. दैववादात रुतलेल्या समाजाला कर्तृत्वाकडे वळविण्याचे सामर्थ्य त्यात आहे, हे मान्य करावेच लागते.

दुसरा कर्जदार

परंतु ‘दासबोधा’त आणखी एक कर्जदार आहे. तिसऱ्या दशकातील ‘स्वगुणपरीक्षा’ या समासांत तो भेटतो. त्याचे कुटुंब वाढते, लक्ष्मी घर सोडते, देणे वाढत जाते आणि पोटासाठी त्याला परमुलखात जावे लागते. येथे विपत्तीचे मूळ आळसात दाखविलेले नाही. त्याच दशकात पुढे आध्यात्मिक, आधिभौतिक व आधिदैविक अशा तिन्ही तापांचे निरूपण येते. मनुष्याच्या हाती नसलेल्या दुःखांची अशी तपशीलवार नोंद ठेवणारा ग्रंथ अपयशाचे खापर सरसकट व्यक्तीच्या माथी फोडत नाही.

अर्थात, तिसऱ्या दशकाचा रोख वैराग्याकडे आहे. त्याला अर्थशास्त्रीय विश्लेषण मानणे अतिव्याप्तीचे ठरेल. तरीही दोन्ही कर्जदार एकत्र वाचले म्हणजे ग्रंथाचा समतोल कळतो. २०१२-१३ च्या तीव्र दुष्काळात होरपळलेल्या जालना जिल्ह्यात, ऊसतोडीसाठी दरवर्षी गाव सोडणाऱ्या मराठवाड्यातील कुटुंबांपुढे केवळ बारावे दशक वाचणे हे अर्धसत्य सांगणे होय.

महत्त्वाकांक्षेचा निकष

दुसरा भेद ध्येयाचा आहे. अकराव्या दशकातील महंत लोकसंग्रह करतो, माणसे शहाणी करतो; चौदाव्या दशकाच्या आरंभी निःस्पृहाची लक्षणे येतात. कर्तृत्व आणि निःस्पृहता यांचा हा सांधा तुटला की उरते ती निव्वळ स्वार्थाची शिकवण. शिवाय समर्थ स्वतःच्या कार्याचा वृत्तान्त यशाचा दाखला म्हणून मांडत नाहीत. श्रोत्याने प्रत्यय घ्यावा, असा त्यांचा आग्रह आहे. या ग्रंथाची सामाजिक चौकट वर्णव्यवस्थेला छेद देणारी नाही, ही मर्यादाही अभ्यासकाने नजरेआड करू नये.

निष्कर्ष

‘दासबोधा’तून यशाची सूत्रे वेचताना त्यातील दुःखाची नोंद व निःस्पृहतेची अट गळून पडते. मग उरलेला उपदेश यशस्वी माणसाला आत्मतुष्ट करतो आणि अपयशी माणसाला अपराधी ठरवितो. दुसऱ्या दशकाच्या शेवटी समर्थांनी पढतमूर्खाची लक्षणे सांगितली आहेत. विद्यार्थ्यांपुढे हा ग्रंथ ठेवणाऱ्या अध्यापकाने ती प्रथम स्वतःला लावून पाहावीत आणि समोर बसलेला विद्यार्थी कोणत्या कर्जदाराच्या घरातून आला आहे, याचा विचार करून मगच प्रयत्नाचा उपदेश करावा.