आंबटाच्या कण्यावरची गोडी

वाइन गोड असली की ती नवशिक्यांची, जाणत्याने मागावी ती कोरडीच, अशी समजूत आपल्याकडच्या वाइनप्रेमींत घट्ट रुजली आहे. ती मोडायची असेल तर फ्रान्सची वूव्रे पाचगणीच्या थंडीत, भरल्या ताटाबरोबर प्यावी. त्यातही दमी-सेक: पुरती कोरडी नाही आणि मिठाईइतकी गोडही नाही, ती.

वूव्रे हे लुआर नदीच्या उत्तर काठावरचं, तूर शहराजवळचं गाव. इथल्या वाइनच्या नावाला 1936 पासून कायद्याचं संरक्षण आहे. इथला दगड म्हणजे तूफो, मऊ चुनखडी. तो कापून लुआरकाठचे वाडे उभे राहिले आणि दगड निघालेल्या पोकळ्यांत वाइनची तळघरं झाली. जांभ्याचे चिरे कापताना पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. द्राक्ष जवळपास एकच, शेनिन ब्लाँ. त्याला कोंब लवकर फुटतात, पण ते पिकतं उशिरा आणि तेही एकसारखं नाही. म्हणून गोड वाइनसाठी एकाच बागेत पुन्हापुन्हा फेऱ्या मारून पिकलेले घड तेवढे खुडतात. साल थंड गेलं तर फेसाळ आणि कोरडी वाइन जास्त, ऊन चांगलं पडलं तर गोड. 1947 च्या उन्हाळ्यातल्या गोड वूव्रेचं नाव जाणकार आजही घेतात.

पेल्यातला रंग फिक्या सोन्याचा. आधी हिरव्या सफरचंदाचा आणि नासपतीचा वास येतो, मागून मधाचा. बाटली काही वर्षं मुरलेली असेल तर ओल्या लोकरीचाही येतो. पावसाळ्यात घरात घोंगडी वाळत घातलेली असते, तोच हा वास. सातारकराला तो समजावून सांगावा लागत नाही. काहींना तो दोष वाटतो. मला त्याच्याशिवाय जुनी वूव्रे अपुरी वाटते.

खरी गंमत घोटात आहे. जिभेच्या टोकावर गोडी येते, ती पसरू लागते न लागते तोच आंबटपणा तिला दोन्ही बाजूंनी ओढून धरतो. सफरचंदातलं मॅलिक आम्ल मवाळ करणारी दुसरी किण्वनक्रिया वूव्रेतले बहुतेक वाइनकार होऊ देत नाहीत. ती धार त्यामुळेच टिकते. घोट गिळला की साखर मागे रेंगाळत नाही, तोंडाला पाणी सुटतं. सरबताची गोडी चिकटून बसते, ही उठून जाते.

आपल्या नाशिकचं शेनिन याच घराण्यातलं. राजीव सामंतांच्या सुलाने 2000 साली पहिल्या वाइन बाजारात आणल्या, त्यांत ते होतं. पण इथे एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी आणि तोडणी जानेवारी ते मार्च. ऊन चढेल तसं द्राक्षातलं आम्ल झपाट्याने उतरतं. म्हणून आपलं शेनिन फळाळ, हसरं, ताजेपणीच संपवावं असं. त्याच्या गोडीला वूव्रेचा कणा नाही. पाचगणीच्या धुक्यात कांदाभजीबरोबर मात्र ते उत्तम लागतं, आणि वूव्रेची किंमत पाहता रोजच्याला तेच बरं.

लुआरकाठी वूव्रे नदीतल्या माशाबरोबर, लोण्याच्या आंबूस सॉससह पितात, नाहीतर शेळीच्या दुधाच्या, राख चोळलेल्या चीजबरोबर. पाचगणीत तिची जोडी पारशी स्वयंपाकघरात सापडते. जॉन चेसनने एकोणिसाव्या शतकात वसवलेल्या या गावात पारशी बंगले जुने आहेत, डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांचं बेल-एअर आरोग्यधाम 1912 चं. पात्रानी मच्छी उलगडली की केळीच्या पानाच्या वाफेबरोबर कोथिंबीर, खोबरं, हिरवी मिरची आणि लिंबू एकदम नाकात शिरतात. कोरडी वाइन इथे मिरचीपुढे कडवट होते. दमी-सेकमधली थोडी साखर तिखटाची धग कमी करते, आंबटपणा लिंबाला जाऊन मिळतो आणि खोबऱ्याचा स्निग्धपणा धुऊन निघतो. कोल्हापुरी पांढऱ्या रश्श्याशीही तिचं जमतं. तांबड्यापुढे कुठलीच वाइन नेऊ नये. अल्कोहोलने तिखट उलट भडकतं.

बाटली फ्रिजमधून काढून थोडी बाहेर ठेवावी, फार गार असताना मधाचा वास दबतो. आणि जेवणानंतर स्ट्रॉबेरी विथ क्रीम येणार असेल तर दमी-सेक आधीच संपवावी. पदार्थ वाइनपेक्षा गोड झाला की वाइन नुसती आंबट लागते. त्या क्रीमला म्वालो, म्हणजे पुरती गोड वूव्रे हवी. नसेल तर स्ट्रॉबेरी साखर-क्रीम न घालता, नुसतीच खावी.