पौलाचे पाचारण : धर्मांतर की नियुक्ती?

पेत्र आणि अंद्रिया यांनी गालील समुद्राच्या काठी जाळी टाकून दिली, मत्तय जकातीच्या नाक्यावरून उठला. या प्रसंगांत बोलावणारा समोर उभा आहे. पौलाचे तसे नाही. येशूच्या हयातीत तो शिष्य नव्हता. पुढे तर तो येशूच्या अनुयायांचा छळ करीत होता. त्यामुळे त्याच्या प्रेषितपदाला आधार कोणता, हा प्रश्न त्याच्या चरित्राच्या मुळाशीच आहे.

‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात दिमिष्काच्या वाटेवरील प्रसंग तीनदा येतो. नवव्या अध्यायात तो निवेदक सांगतो. बाविसाव्यात यरुशलेमेतील जमावापुढे आणि सव्विसाव्यात अग्रिप्पा राजापुढे पौल स्वतः सांगतो. पहिल्या कथनात सोबत्यांना वाणी ऐकू येते, दिसत कोणीच नाही. दुसऱ्यात त्यांना प्रकाश दिसतो, वाणी मात्र ऐकू येत नाही. या विसंगतीवर भाष्यकारांनी बरीच शाई खर्च केली आहे. खरा फरक मात्र हनन्या या दिमिष्कातील शिष्यासंबंधी आहे. नवव्या अध्यायात पौलाविषयीची ईश्वरी योजना हनन्याला दृष्टान्तात कळते आणि त्याने हात ठेवल्यावर पौलाला दृष्टी येते. यहुदी जमावापुढे बोलताना हाच हनन्या नियमशास्त्र पाळणारा, स्थानिक यहुद्यांत नावाजलेला गृहस्थ होतो. अग्रिप्पापुढे तो नाहीसाच होतो. पौलाच्या आंधळेपणाचाही उल्लेख उरत नाही, आणि कामगिरी येशू स्वतःच सोपवितो. याला लूकचा प्रमाद म्हणणे योग्य नव्हे. श्रोता पाहून भाषण रचणाऱ्या लेखकाचे ते कौशल्य आहे.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाचे स्वतःचे निवेदन आहे, आणि ते ‘कृत्ये’च्या आधीचे आहे. त्यात वाट नाही, प्रकाश नाही, हनन्याही नाही. मातेच्या उदरात असल्यापासून देवाने आपल्याला वेगळे केले, असे तो म्हणतो. यिर्मया आणि यशया या संदेष्ट्यांच्या पाचारणाची ती भाषा आहे. त्यानंतर कोणाही माणसाचा सल्ला न घेता तो अरबस्तानात गेला, दिमिष्कास परतला, तीन वर्षांनी केफाला भेटला आणि त्याच्याजवळ 15 दिवस राहिला. प्रेषितांपैकी आणखी दिसला तो केवळ प्रभूचा भाऊ याकोब. दिवसांचा हा काटेकोर हिशेब आणि आपण खोटे बोलत नाही ही ग्वाही आत्मचरित्रापेक्षा साक्षीदाराच्या जबानीला अधिक शोभते. गलतीयात परराष्ट्रीय विश्वासूंनी सुंता करावी असा आग्रह सुरू झाला होता. पौलाला अधिकार माणसांकडून मिळाला असेल, तर त्याची शिकवण माणसांना दुरुस्तही करता येईल. त्याला हेच नाकारायचे होते. उलट ‘कृत्ये’च्या पहिल्या अध्यायात यहूदाची रिकामी जागा भरताना जी अट घातली जाते, ती येशूच्या आरंभापासूनच्या सहवासाची. त्या कसोटीवर पौल उतरत नाही. अर्ध्याहून अधिक ग्रंथ पौलासाठी खर्ची घालणारा लूक त्याला प्रेषित म्हणतो ते फक्त चौदाव्या अध्यायात, तेही बर्णबासोबत.

क्रिस्टर स्टेन्डाल यांनी 1976 मधील ग्रंथात दिमिष्काच्या घटनेला धर्मांतर न म्हणता पाचारण म्हणावे, असे प्रतिपादन केले. मराठी वाचकाला हा भेद विशेष जाणवावा. बाबा पदमनजी (1854) आणि ना. वा. टिळक (1895) यांच्या बाप्तिस्म्यांबरोबर घर आणि जात यांच्याशी झालेली ताटातूट आपल्या परिचयाची असल्याने तीच कल्पना नकळत पौलावर लादली जाते. पौल तर रोमकरांस लिहितानाही स्वतःला इस्राएली, बन्यामीन वंशाचा म्हणवितो. तरीही स्टेन्डाल यांची मांडणी संपूर्ण स्वीकारता येत नाही. फिलिप्पैकरांस लिहिताना पौल कुळ, सुंता आणि परूशीपण या आपल्या जमेच्या बाजू मांडतो आणि त्या सर्व हानी म्हणून खोडून टाकतो. एवढी तोडमोड केवळ ‘नियुक्ती’ या शब्दात मावत नाही.

हनन्याचे काय? छळ करायला आलेल्या माणसाला ‘भाऊ’ म्हणून हाक मारणारा दिमिष्कातील तो पहिला. टोपलीतून तटाखाली उतरून दिमिष्कातून निसटल्याची आठवण पौल करिंथकरांस आवर्जून सांगतो. हनन्याचे नाव मात्र त्याच्या एकाही पत्रात नाही.